कारणे दाखवा

मराठी कार्यालयीन भाषेने आपल्याला जे मोजके अविस्मरणीय वाक्प्रयोग दिले, त्यांत 'कारणे दाखवा' या प्रयोगाचा क्रमांक फार वरचा लागावा. कारणे 'सांगा' नव्हे, 'दाखवा'. म्हणजे कारण ही ऐकण्याची वस्तू नसून तपासण्याची, प्रसंगी हातात घेऊन वाजवून बघण्याची वस्तू आहे, असे ही भाषा गृहीत धरते. नोकरदार माणसाच्या आयुष्यात अशी नोटीस एखाददुसऱ्या वेळी येते. परंतु माणगावसारख्या तालुक्याच्या गावी, महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका बाईने जुनी, कापडी टपाची, चारही चाकांना इंजिनाची ताकद पुरवणारी गाडी घेतली, तर ती नोटीस तिला रोज येते. बाजारात येते, स्टाफरूममध्ये येते, लग्नाच्या पंगतीत आणि पेट्रोल पंपावरही येते. उत्तरासाठी सात दिवसांची मुदत नसते. उत्तर जागीच द्यावे लागते.

या उत्तरांचा सराव होता होता मला त्यांत एक वाङ्मयीन आणि थोडासा सामाजिक प्रश्न दिसू लागला, तो साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे ठेवावा असे वाटते. गाडीचे नाव सांगत नाही. जाहिरात केल्याचा आरोप नको. शिवाय तिची आजची अवस्था पाहता त्याने कंपनीचे भले होईल असेही नाही.

पहिले निरीक्षण असे की, कारण हा श्रोत्यावर अवलंबून असणारा वाङ्मयप्रकार आहे. कीर्तनकार समोरची मंडळी पाहून आख्यान निवडतो, तशी मी विचारणारा पाहून कारण निवडते. शेजारच्या काकूंना मी सांगितले, "गणपती आणायला." हे कारण त्यांना तत्काळ पटले. आमच्याकडे पुष्कळ घरी पेणचे गणपती येतात. पेण ते माणगाव हा महामार्ग भाद्रपदात कसा असतो हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, आणि महामार्ग सोडून वाडीकडे वळल्यावर जो चढ लागतो तो तर बाराही महिने तसाच असतो. मूर्तीची सोंड, हात, मुकुट यांपैकी काहीही न दुखावता तो चढ चढायचा, तर गाडी माणसाच्या चालीने आणि मध्ये न थांबता चढली पाहिजे. या गाड्यांतला 'लो' नावाचा गिअर नेमके हेच करतो. इंजिनाचा आवाज मोठा, चाकांची गती अगदी थोडी. मांडीवर मूर्ती घेऊन बसलेल्या माणसाला फारसा गचका बसत नाही. गेल्या काही वर्षांत आळीतल्या तीन घरचे गणपती या गाडीतून आले. चौथ्या घरच्यांनी मात्र वडिलांच्या वेळेपासूनच्या रीतीप्रमाणे फाट्यापासून डोक्यावरून आणला, आणि ते आमच्या आधी पोचले.

महाविद्यालयात दिलेले कारण अर्थातच राष्ट्रीय सेवा योजनेचे. योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर हिवाळ्यात कुठल्यातरी गावी भरते, आणि ते गाव निवडताना रस्त्याचा विचार करायचा नाही असा जणू संकेत आहे. बटाट्यांची गोणी, दोन मोठे टोप, झारे, सतरंज्या, ध्वनिक्षेपकाची पेटी आणि "मॅडम, चालवत नाही हो" म्हणणारी दोन मुले एवढे सामान एका खेपेत चढते. एका मूल्यांकनाच्या वर्षी या गाडीची नोंद 'विस्तारकार्य' या सदरात करावी की 'भौतिक सुविधा' या सदरात, यावर आमच्या स्टाफरूममध्ये गंभीर चर्चा झाली. गाडी माझ्या पगारातून घेतलेली आहे, ही आठवण शेवटी मलाच करून द्यावी लागली.

विद्यार्थ्यांना दिलेले कारण सर्वांत छोटे आहे: "तुमच्या घरापर्यंत येता यावे म्हणून." जुलैमध्ये 'आमच्याकडचा रस्ता वाहून गेला' हे गैरहजेरीचे कारण आमच्या तालुक्यात बव्हंशी खरे असते, आणि ते ऐकताना हसू नये एवढे तारतम्य मला आहे. काही जणांच्या बाबतीत मात्र तो रस्ता जानेवारीपर्यंत वाहतच असतो. त्यांना उद्देशून मी गाडीची किल्ली टेबलावर ठेवते. बोलावे काहीच लागत नाही.

ही झाली हलकीफुलकी कारणे. त्यांवर हसून झाले की विचारणारा थोडा पुढे वाकतो आणि म्हणतो, "ते ठीक, पण खरे कारण काय?" येथे त्याला पाऊस, रस्ते, सुरक्षितता अशी भारदस्त उत्तरे हवी असतात. आणि माझा प्रतिपादनाचा मुद्दा असा की, ही भारदस्त कारणेच लटकी आहेत.

पाऊस घ्या. माणगाव तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि ताम्हिणीच्या माथ्यावर त्याहून कितीतरी जास्त. परंतु या पावसात एसटी चालते. मिनिडोर चालते; तीन चाकांची, पुढे एक आणि मागे दोन, आत परवान्यापेक्षा पुष्कळ जास्त माणसे, आणि तरीही ती वेळेवर बाजारात पोचते. आता रस्ता घ्या. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली पळस्पे ते इंदापूर या टप्प्यापासून सुरू झाले आणि एक दशक उलटले तरी पुरे झाले नाही, हे सर्वश्रुत आहे. गणेशोत्सवात आणि मे महिन्यात माणगावच्या बाजारपेठेत गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात माझ्या गाडीच्या चारही चाकांना ताकद मिळत असते आणि चारही चाके जागच्या जागी असतात. खड्ड्यांना उपाय म्हणाल तर तो चांगल्या स्प्रिंगांचा आणि बऱ्या मणक्याचा आहे. फोर व्हील ड्राइव्हचा त्याच्याशी काही संबंध नाही.

इतिहासाचा दाखला घेतला तर आपली बाजू आणखी लंगडी पडते. आमच्याच जिल्ह्यातल्या, पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात गेले, बंडाच्या धामधुमीत सापडले, आणि गंगेची कावड घेऊन परत घरी आले. 'माझा प्रवास' वाचताना जाणवते की रस्ता नसणे ही त्या प्रवासातली सर्वांत किरकोळ अडचण होती. आणि रायगड तर आमच्या उशाशी आहे. १६७४ साली राज्याभिषेकासाठी आलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाला गडावर हत्ती पाहून प्रश्न पडला होता की, अशा वाटेने हे वर आले तरी कसे? लहान पिल्ले असताना चढवले, असे त्याचे उत्तर आपल्याकडे परंपरेने सांगतात. चार पायांची ताकद चारही पायांना पोचवणारे ते वाहन कोणाच्या तरी अक्कलहुशारीने वर गेले. पुढे १९९६ साली रोपवे झाला आणि प्रश्नच मिटला. तात्पर्य, या मुलखात अशा गाडीवाचून कोणाचे काही अडल्याचा पुरावा नाही.

राहिली सुरक्षितता. येथे थोडे यंत्रशास्त्र सांगणे भाग आहे. मराठीच्या वर्गात ते सांगायची संधी मिळत नाही, तेव्हा वाचकांनी सोसावे. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोन चाकांना मिळते. त्या दोहोंमध्ये डिफरन्शियल नावाची यंत्रणा असते. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते, म्हणून दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचे, हे तिचे काम. कोरड्या रस्त्यावर ही उदारमतवादी वृत्ती शोभून दिसते. एक चाक चिखलात गेले की ती अंगाशी येते: ज्या चाकाला पकड नाही तेच गरगर फिरत राहते आणि घट्ट जमिनीवर उभे असलेले दुसरे चाक ढिम्म हलत नाही. (समित्यांवर काम केलेल्या प्राध्यापकांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.) फोर व्हील ड्राइव्हमध्ये गिअरच्या शेजारचा दुसरा दांडा ओढला की पुढच्या दोन चाकांनाही ताकद जाते. म्हणजे पूर्वी मागचे एक चाक फसले की गाडी अडकत होती, ती आता पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन फसल्यावर अडकते. सुधारणा आहे, पण तिच्यावर महाकाव्य लिहावे एवढी नाही.

शिवाय तो दांडा ओढून भागत नाही. जुन्या गाड्यांत पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायच्या चकत्या असतात. त्या फिरवून जोडल्याखेरीज पुढची चाके कामाला लागत नाहीत. आणि हे करायची आठवण माणसाला, मनुष्यस्वभावानुसार, गाडी रुतल्यानंतर होते. तेव्हा पदर खोचून खाली उतरायचे, चिखलात उकिडवे बसून एका बाजूची चकती फिरवायची, वळसा घालून दुसऱ्या बाजूची फिरवायची, आणि तोवर बांधावर जमलेल्या मंडळींकडे न बघता परत गाडीत चढायचे. या मंडळींत कोणीतरी आपला माजी विद्यार्थी असतोच. तो मदतीला येतो. मदत म्हणून तो प्रथम "मॅडम, ही गाडी कशाला घेतली?" असे विचारतो.

जाहिराती आणखी एक गोष्ट सांगत नाहीत. ब्रेक हे आजच्या प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतात. त्यामुळे निघण्यात आणि चढण्यात ही गाडी इतरांहून सरस असली, तरी थांबण्यात ती इतरांसारखीच असते. उतारावर खालचा गिअर इंजिनाकरवी वेग धरून ठेवतो, हे खरे. पण ओल्या डांबरावर भरवेगात ब्रेक दाबण्याची वेळ आली तर चार चाकांच्या ताकदीचा काडीचा उपयोग नाही. आणि पाणी तर कोणत्याच गाडीला ओळखत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बस आणि इतर वाहने गेली. त्या रात्रीनंतर आमच्या भागातला शहाणा माणूस पुलावरून पाणी वाहताना दिसले की, गाडी कोणतीही असो, अलीकडच्या टपरीवर चहा मागवतो. फोर व्हील ड्राइव्ह असल्यामुळे ज्याला पलीकडे जावेसे वाटते, त्याच्या बाबतीत ती गाडी सुरक्षिततेच्या उलट दिशेनेच काम करते. शनिवार-रविवारी ताम्हिणी उतरून येणाऱ्या काही नव्या कोऱ्या गाड्या ओढ्यात घातलेल्या आणि किनाऱ्यावरच्या वाळूत रुतवलेल्या आम्ही पाहतो. त्या काढायला ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरवाल्याला त्याने ट्रॅक्टर का घेतला असे कोणी विचारत नाही.

मग गरज नाही, सुरक्षितता नाही, सोय तर मुळीच नाही (कापडी टपातून पाणी कोठून गळते हे पाच पावसाळ्यांत मला सापडलेले नाही, दर वर्षी जागा बदलते), तर उरले काय? उरली हौस. 'हौसेला मोल नाही' असे आपली म्हण सांगते. खुद्द हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि मराठीत इतका रुळला की 'हौशी रंगभूमी' म्हणताना त्याचे परकेपण जाणवत नाही. माझा अनुभव मात्र असा की, वाहनाच्या बाबतीत ही म्हण पुरुषांनाच लागू आहे. माझ्या एका सहकाऱ्याने मोठी मोटारसायकल घेतली. तिचा आवाज ऐकून वर्गातल्या मुलांना तास सुटल्याचा भास होतो. त्यांना विचारले, "का हो घेतलीत?" ते म्हणाले, "हौस." चौकशी संपली. स्टाफरूमने पेढे खाल्ले. तोच शब्द मी उच्चारला तेव्हा समोरच्या मंडळींनी तो विनोद समजून हसून घेतले आणि मग पुन्हा विचारले, "नाही, पण खरे कारण काय?"

बाईला हौस नसावी असे कोणी म्हणत नाही. तिची हौस पैठणीत चालते, दागिन्यात चालते, हळदीकुंकवाला काय लुटायचे यात तर ती कौतुकाची होते. पण ही सारी अंगावर घालायची किंवा दुसऱ्याला द्यायची हौस आहे. जिच्यात बसून बाई कुठेतरी निघून जाऊ शकते अशा वस्तूची हौस म्हटली की ताबडतोब उपयोगाचा दाखला मागितला जातो. स्कूटी चालते, कारण ती मुलांना शाळेत सोडते. छोटी मोटार चालते, कारण सासूबाईंना दवाखान्यात न्यावे लागते. रस्ता नसलेल्या जागी जाणारी गाडी बाईला कशाला, याचे उपयोगाचे उत्तर नाही, म्हणून ती नोटीस मागे घेतली जात नाही.

आता साहित्याकडे वळते. आपल्या लघुनिबंधाने आणि ललित गद्याने क्षुल्लक आवडींचे समर्थन करण्याची मोठी सुंदर रीत घडवली. फडके, खांडेकर, अनंत काणेकर यांच्या पिढीपासून हा निबंध आपण शिकवतो आहोत. त्याचा निवेदक निरुपयोगी वस्तूवर प्रेम करतो आणि वाचक त्याला दाद देतो. पण हा निवेदक कोण? बहुधा एक स्वस्थ, चहा आयता मिळणारा पुरुष. निरुपयोगीपणाचा आनंद घ्यायला आधी उपयोगातून सुटका व्हावी लागते. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती'ची येथे आठवण होते. त्यातल्या शीर्षकलेखात संशोधक बाईंची ओळख अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी होत होत अखेर मुलाची आई येथे येऊन पोचते, आणि बाई ते खेळकरपणे स्वीकारतात. आम्ही तो लेख मातृत्वाचा गौरव म्हणून शिकवतो. मला तो दिवसेंदिवस अधिक तिरकस वाटू लागला आहे. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली स्त्री म्हणून याच इरावतीबाईंचे नाव सांगितले जाते. त्या स्कूटरचे कारण त्यांना किती जणांनी विचारले असेल, हा प्रश्न मी विद्यार्थिनींना घालते. परीक्षेत येणार नाही म्हणून त्या तो लिहून घेत नाहीत.

चार चाकांच्या गाडीला मराठीत आणखी एक अडचण आहे, तीही वाङ्मयीन. या जातीची मूळ गाडी म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी ती १९४१ पासून मोठ्या संख्येने बनू लागली. स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे कित्येक दशके तिचे निरनिराळे अवतार महाराष्ट्राच्या धुळीत फिरले. 'जीप' या शब्दाच्या व्युत्पत्तीचा वाद इंग्रजीत आजही मिटलेला नाही. सैन्यातल्या दोन अक्षरांच्या संक्षेपावरून तो आला असे एक मत. पॉपायच्या चित्रमालिकेत १९३६ साली अवतरलेल्या, कोठेही जाऊ शकणाऱ्या 'जीप' नावाच्या प्राण्यावरून आला असे दुसरे. मराठीने त्या वादात न पडता सरळ त्याला '-डे' प्रत्यय लावून 'जीपडे' केले. हा प्रत्यय मोठा गमतीचा आहे. संतांनी रूपाला लावला तेव्हा 'रूपडे' झाले आणि त्यात लडिवाळपणा आला. गावाने जीपला लावला तेव्हा त्यात थोडा लडिवाळपणा, थोडा तुच्छपणा आणि बराचसा सावधपणा आला.

सावधपणा अशासाठी की, माझ्या वाचनातल्या ग्रामीण कथा-कादंबरीत जीप सदैव बाहेरून येते. तिच्यातून मामलेदार उतरतो, देवीची लस टोचणारा उतरतो, ठेकेदार उतरतो, मते मागणारा उतरतो. पोरे तिच्यामागे धावतात. ती धुरळा उडवत येते आणि दिवे लागायच्या आत निघून जाते. जीप गावात येते, गावची होत नाही. उलट गावची असते ती एसटी. आणि आपल्या विनोदाला वाहन आवडते तेही थांबलेले. पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस'मध्ये कोकणातल्या रस्त्यावर एसटीपुढे म्हैस येते, गाडी थांबते, आणि थांबल्यामुळेच सारी माणसे बोलू लागतात. न थांबता पुढे जाणाऱ्या गाडीतून कथा मिळत नाही, असे मराठी वाङ्मयाचे एकंदर मत दिसते. तेव्हा कोठेही न अडण्याची फुशारकी मारणाऱ्या गाडीकडे आपल्या साहित्याने सत्तेचे वाहन म्हणून पाहिले, यात नवल नाही.

पण ते जीपडे रात्री गावातच राहिले तर काय होते, याचे चित्रण मला फारसे कोठे वाचायला मिळालेले नाही, आणि त्याचा अनुभव मात्र माझ्यापाशी भरपूर आहे. ते औताच्या रेड्यासारखे होते. नांगरट आपल्याच शेतात केली पाहिजे असा त्याचा नियम राहत नाही. धनगरवाड्यावरची एक म्हातारी आजारी पडते. रात्री अकराला कडी वाजते. शाळेतल्या बाई पोषण आहाराचे तांदूळ वर न्यायचे म्हणून "सहज" येतात. लावणीच्या दिवसांत कोणाची तरी दाढ एका खाचरातून दुसऱ्या गावच्या खाचरापर्यंत जायची असते; मागच्या बाकांवर भाताच्या रोपांच्या जुड्या पसरतात आणि पुढचे आठ दिवस गाडीतून शब्दशः मातीचा वास येतो. मयताला जावे लागते. मयताहून आणावेही लागते. डिझेल-पेट्रोलचे पैसे कोणी देऊ केले तर मी घेते, नाही दिले तर पावसाळ्यानंतर दारात तांदळाचे पीठ, सुकट, पावट्याच्या शेंगा असे काहीबाही येऊन पडते. त्याचा हिशेब ठेवण्याची माझी योग्यता नाही. भाषेची माणसे आकड्यांत कच्ची असतात, असा गैरसमज पसरवून मी त्यातून सुटते.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, "पाहा, सापडले की नाही खरे कारण? समाजोपयोग!" येथेच मला ठाम हरकत घ्यायची आहे. त्या म्हातारीला दवाखान्यात नेण्यासाठी मी गाडी घेतलेली नाही. तिच्या वाड्यापर्यंत रस्ता करणे आणि त्यावरून रुग्णवाहिका पाठवणे हे ज्यांचे काम आहे त्यांचे ते आहे, आणि माझ्या हौसेने त्यांची सुटका होऊ नये. वाड्यावर एका प्राध्यापिकेचे जीपडे वेळेला येते, म्हणून रस्त्याच्या अर्जाची निकड कमी वाटू लागली, तर या गाडीने गावाचे नुकसानच केले असे म्हणावे लागेल. एका ग्रामसभेत "मॅडमची गाडी जाते की वर" हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकले. मी उभी राहून सांगितले की गाडी जाते हे खरे, पण वर गेल्यावर ती पहिल्या तासात उतरतेच असे नाही. आणि गाडी माझी आहे, ग्रामपंचायतीची नाही. सभेत हशा झाला. अर्जावर सह्या मात्र त्या दिवशी पूर्वीपेक्षा बऱ्याच जास्त पडल्या. रस्ता अद्याप मुरमाचाच आहे.

म्हणून मी गंभीर कारणे देण्याचे टाळते आणि हलकी कारणे देते. उपयोगाचे कारण एकदा दिले की मग हौस उरत नाही, फक्त सेवा उरते. आणि सेवेला बाईच्या बाबतीत सुट्टी नसते, हे घराघरांत ठाऊक आहे. 'गणपती आणायला' म्हटले की निदान उरलेले अकरा महिने माझे राहतात. त्या महिन्यांत मी काय करते? ऑक्टोबरात, पीक पिवळे पडत असताना, निजामपूरच्या बाजूला डांबर सोडून एखाद्या पाणंदीत शिरते. दांडा मागे ओढते. गाडी चालण्याच्या वेगाने पुढे सरकते. दोन्ही बाजूंची भाताची लोंबी दारांना घासत जाते. कुठे जायचे नसते. पाणंद जिथे संपते तिथे थोडा वेळ थांबते, डब्यातली पोळी-भाजी खाते, आणि मागे वळायला जागा नसल्यामुळे तशीच उलटी परत येते. या प्रवासाचे कारण दाखवा म्हटले तर माझ्यापाशी दाखवण्यासारखे काही नाही.

अलीकडे विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडा बदलला आहे. महिंद्रची नवी थार २०२० साली आली, तेव्हापासून तालुक्यातल्या तरुण मुलांत या जातीच्या गाड्यांची ओढ वाढली, आणि तिच्याबरोबर जुन्या गाड्यांचा भावही. परवा पंपावर एक मुलगा आदराने जवळ आला. गाडीभोवती दोनदा फिरला, चाकाच्या चकतीला हात लावून पाहिला, आणि म्हणाला, "मॅडम, विकणार का?" मी नाही म्हटले. त्याने का नाही, ते विचारले नाही.